सुरतेच्या दमट हवेत दुर्मीळ कॅक्टस फुलवताना

पावसाळी रात्री ज्या घरी ‘ब्रह्मकमळ’ उमलते, त्या घरी नकळत एक कॅक्टसच फुललेला असतो. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले. आपल्या परसातले मात्र मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट अरण्यांत झाडांच्या खांद्यांवर वाढणारे निवडुंग आहे. उलट, बांधावरचा चिकाळ त्रिधारी निवडुंग कॅक्टस नव्हेच. तो एरंडाच्या कुळातला. कॅक्टसची ओळख काट्यावरून पटत नाही, काट्याच्या बुडाशी असलेल्या लवेच्या बारीक गादीवरून पटते. काटे आणि फुले तिच्यातूनच फुटतात. ही गादी फड्या निवडुंगाला असते, त्रिधारीला नसते.

ब्रह्मकमळ आपल्याकडे सहज फुलते, कारण त्याचे मूळ रान आपल्या हवेसारखे आहे. दुर्मीळ जातींच्या बाबतीत हेच सूत्र अधिक काटेकोरपणे पाळावे लागते. सुरत हे त्याचे बोलके उदाहरण. तापीच्या मुखाजवळचे, समुद्राच्या दमट वाऱ्याखालचे हे शहर गुजरातेत असले, तरी कच्छसारखे कोरडे नाही. तेथे वर्षाला साधारण 1,200 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. गोव्यातला पाऊस याच्या दुपटीहून अधिक. पण दुखण्याचे स्वरूप तेच. सुरतेच्या गच्चीवर जे साधते, ते थोडा अधिक आडोसा केल्यास पणजी-म्हापशातही साधावे.

कॅक्टस उन्हाने दगावतो किंवा पाण्याने कुजतो, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. इतर बहुतेक झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडतात, कॅक्टसची रात्री. रात्रीच्या गारव्यात तो कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपाने साठवतो आणि दिवसा रंध्रे मिटून त्यावर अन्न तयार करतो. रात्र तापलेली असली की ही साठवण मंदावते. मे महिन्यात सुरतेचे रात्रीचे तापमान 25 अंशांच्या वर असते. त्या दिवसांत अनेक मेक्सिकन जाती वाढ थांबवून निजतात. माळ्याला वाटते झाड तहानले. तो पाणी घालतो आणि मुळे कुजतात. म्हणून जात निवडताना दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीचा विचार आधी करावा.

या कसोटीवर पहिला मान ब्राझीलच्या डिस्कोकॅक्टसला द्यावा लागेल. थंड देशांत त्याला काचघर आणि कृत्रिम ऊब लागते. सुरतेत ती ऊब फुकट मिळते. चपट्या गोल देहाच्या माथ्यावर आधी पांढऱ्या लोकरीची टोपी येते आणि मगच फुले येतात. पांढरी, तीव्र सुगंधाची ही फुले अंधार पडल्यावर उमलतात आणि सकाळपर्यंत माना टाकतात. मेलोकॅक्टसचीही तीच तऱ्हा. मात्र टोपी आली की त्याच्या देहाची वाढ कायमची थांबते, पुढे केवळ टोपीच उंचावत जाते. त्याची इवली गुलाबी फुले दुपारनंतर उघडतात. या दोघांना हिवाळ्यात पूर्ण कोरडे ठेवू नये. मुळे पार सुकली तर पुन्हा धरायला फार वेळ लागतो.

युबेलमानिया याहून नाजूक. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील गारगोटीच्या आम्लधर्मी वाळूत तो वाढतो आणि क्षारयुक्त, जड पाणी त्याला सोसत नाही. कूपनलिकेचे पाणी जड असेल तेथे पावसाचे पाणी साठवून वापरणे हाच उपाय. या एका बाबतीत गोवेकर सुदैवी: आपली जांभ्याची जमीन मुळातच आम्लधर्मी आहे.

मेक्सिकन जातींत अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियासपासून आरंभ करावा. बिनकाट्याचा, समुद्रातल्या गोल साळूसारखा दिसणारा हा कॅक्टस बियांपासून साधारण तीन ते पाच वर्षांत फुलतो. फूल पिवळे, गळ्याशी तांबडे. बी धरायला दोन वेगवेगळी झाडे एकाच वेळी फुललेली हवीत. मऊ कुंचल्याने एकाचे परागकण दुसऱ्यावर न्यावे लागतात. अ‍ॅरिओकार्पसची गोष्ट संयमाची. बियांपासून फुलापर्यंत बरेचदा सात-आठ वर्षे जातात. तो पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतो, हे आपल्या ऋतुचक्राला सोयीचे. या दोघांना डिसेंबर-जानेवारीत पाणी बंद ठेवावे. सुरतेत त्या महिन्यांत पहाटेचा पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो, तेवढी विश्रांती त्यांना पुरते. गोव्यात एवढा गारवा नाही, म्हणून कोरडेपणा अधिक कसोशीने पाळावा. उंच पर्वतांवरच्या रेब्युशियाच्या नादी मात्र किनाऱ्यावरच्या माणसाने लागू नये. तो जगला तरी सहसा फुलत नाही.

सुरतेच्या परिसरातली काळी माती कापसाला उत्तम, कुंडीला घातक. ती पाणी धरून बसते. निम्म्याहून अधिक भाग जाड वाळू आणि विटांचा चुरा, उरलेल्यात पोयटा आणि थोडा कोळसा, असे मिश्रण बरे. खाडीची वाळू असल्यास मीठ जाईपर्यंत धुवावी. जूनपूर्वी कुंड्यांवर पारदर्शक छप्पर हवे. बाजू मात्र मोकळ्या ठेवाव्यात, कारण कोंडलेली दमट हवा पावसाइतकीच बुरशीला पोसते. खरा घात पुष्कळदा पावसात होत नाही, त्यानंतर होतो. चार महिने ढगांखाली राहिलेली झाडे ऑक्टोबरच्या उन्हात एकदम मांडली की भाजतात, आणि तो डाग कधीच जात नाही. दोन-तीन आठवडे हिरव्या जाळीखाली ठेवून मग त्यांना ऊन दाखवावे. कुंडी बदलताना मुळांवर पांढरी भुकटी दिसली तर ती मुळांवरच्या पिठ्या ढेकणाची खूण समजावी.

मंद वाढणाऱ्या रोपांवर कलमाचा तोडगा आहे. ज्या फळाला गुजरात सरकारने 2021 मध्ये ‘कमलम’ हे नाव दिले, ते ड्रॅगन फ्रूटही कॅक्टसच. त्याच्या खोडावर बांधलेले रोप झपाट्याने वाढते आणि वर्षे वाचतात. मात्र कलमी झाड अनेकदा फुगीर होते आणि त्याचा मूळ डौल हरवतो. जाणकार म्हणून कलमाचा उपयोग झाड वाचवण्यापुरता किंवा बी मिळवण्यापुरता करतात.

शेवटी खरेदीविषयी. 2015 च्या जागतिक पाहणीत कॅक्टसच्या 31 टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. त्यामागे अधिवासांचा नाश आहे, तशी संग्राहकांची हावही आहे. अ‍ॅरिओकार्पस, डिस्कोकॅक्टस, युबेलमानिया आणि अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास ही नावे ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहेत. रानातून उपटलेल्या अशा झाडांचा व्यापार निषिद्ध आहे. 2022 च्या दुरुस्तीने भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही या कराराच्या याद्यांना स्थान मिळाले. परदेशातून ‘जुने, मोठे झाड’ स्वस्तात देऊ करणाऱ्यापासून म्हणूनच दूर राहावे. खडबडीत, करडा पडलेला, ओरखडे असलेला देह आणि तुटलेले सोटमूळ ही रानातून उपटल्याची लक्षणे होत. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेले झाड लहान, एकसारखे आणि नितळ असते. विक्रेत्याकडून ते कोणत्या वर्षीच्या पेरणीचे आहे, हेही विचारून घ्यावे.