तिरपा कॅमेराकोन

तिरपा कॅमेराकोन : कॅमेरा लेन्सच्या अक्षाभोवती डावीकडे किंवा उजवीकडे कलवून, क्षितिज आणि उभ्या रेषा चौकटीच्या कडांशी समांतर राहणार नाहीत अशा रीतीने चित्र टिपण्याची पद्धत. चित्रपटसृष्टीत हिला ‘डच अँगल’ म्हणतात. कॅमेरा वरून खाली किंवा खालून वर रोखणे ही निराळी गोष्ट. तिथे क्षितिज सरळच राहू शकते. तिरप्या कोनाने अस्वस्थता निर्माण होते, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. कॅमेरा कलवणे म्हणजे दृश्यातली कोणती रेषा चौकटीशी जुळवायची आणि कोणती मोकळी सोडायची, हे ठरवणे. ती निवड डोळ्यांना दिसली तरच कोन बोलतो. नाही तर पाहणाऱ्याला नुसता हलगर्जीपणा दिसतो.

चौकटीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर एका प्रयोगात मिळते. हर्मन विट्किन आणि सॉलोमन ॲश यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात अंधाऱ्या खोलीत एक उजळ चौकट आणि तिच्या आत एक उजळ दांडी दाखवली होती. चौकट कलती ठेवून दांडी ताठ उभी करायला सांगितल्यावर पुष्कळांनी ती चौकटीच्या बाजूला कलती ठेवली. सरळ काय, हे आपण शरीराच्या तोलावरून ठरवतो, तसेच भोवतालच्या चौकटीवरूनही ठरवतो. छायाचित्राची कड ही अशीच चौकट, आणि ती पाहणाऱ्यासमोर नेहमी सरळ असते. त्यामुळे आतला प्रत्येक कल तिच्यापुढे जाब द्यायला उभा राहतो. समुद्राच्या चित्रात क्षितिज दोन-तीन अंश कलले, तर तिथे जाब देणारे दुसरे काहीच नसते.

अलेक्झांडर रोदचेन्को यांचे ‘जिना’ (1930) हे छायाचित्र या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. मूल कडेवर घेतलेली एक बाई दगडी पायऱ्या चढते आहे. पायऱ्यांच्या कडा आणि त्यांच्या सावल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारख्या सबंध चौकट तिरपी कापत जातात. कॅमेरा सरळ धरला असता तर त्या नुसत्या आडव्या रेघा झाल्या असत्या; कललेल्या चौकटीत चढण्याचे कष्टच रेषांत उतरले आहेत. गॅरी विनोग्रँड यांची वाट उलटी. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर 28 मिमी लेन्सने टिपलेल्या त्यांच्या चित्रांत क्षितिज बेधडक कललेले असते, पण बऱ्याचदा एखादा खांब, इमारतीची कड किंवा उभा माणूस चौकटीच्या कडेशी समांतर राखलेला असतो. एकाने तिरपी रेषा चौकटभर नेली, दुसऱ्याने एक रेषा गवंड्याच्या ओळंब्यासारखी धरून बाकीचे कलू दिले. दोघांच्याही चित्रांत कल कशासाठी आहे ते पाहता क्षणी कळते.

हे सारे दिखाऊ आहे, हा आक्षेप जुना आहे. रोदचेन्को यांच्यावर सोव्हिएत टीकाकारांनी रूपवादाचा ठपका ठेवला. कॅरल रीड यांच्या ‘द थर्ड मॅन’ (1949) या चित्रपटात तिरप्या चौकटी इतक्या आहेत, की तो पाहून दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी पाणसळ भेट पाठवली, अशी आठवण रीड यांनी सांगितली आहे. अतिरेकाचा धोका खराच. सगळ्याच चौकटी कलल्या की डोळा कलालाच सरळ मानू लागतो. पण त्याच चित्रपटात रॉबर्ट क्रॅस्कर यांचा कॅमेरा चार सत्तांत वाटल्या गेलेल्या व्हिएन्नात, भाषा न समजणाऱ्या परक्या माणसाभोवती कलतो. दफनभूमीच्या रस्त्यावरच्या अखेरच्या दीर्घ दृश्यात मात्र तो सरळ, स्थिर उभा आहे. नायिका दूरवरून चालत येते आणि नायकाकडे न पाहता निघून जाते. तिथे गोंधळ उरलेला नाही, म्हणून कलही नाही. आक्षेप पद्धतीवर नव्हे, तिच्या निष्कारण वापरावर लागू पडतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : चित्र सरळ टिपून ते नंतर संगणकावर फिरवता येत असेल, तर कॅमेरा कलवायचा कशाला? पण 3:2 प्रमाणाचे चित्र 15 अंशांनी फिरवून तेच प्रमाण राखायचे झाले, तर सुमारे 45 टक्के क्षेत्रफळ कापले जाते, आणि त्यात कोपरे आधी जातात. रोदचेन्को यांचे पट्टे ज्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचतात, विनोग्रँड यांचा खांब ज्या कडेशी उभा असतो, नेमक्या त्याच जागा.