सिंहांचा हजेरीपट

सिंहाला आपण वनराज म्हणतो, आणि राजा म्हटला म्हणजे तो एकटाच असावयाचा अशी आपली समजूत. सिंहासनावर दोघे बसत नाहीत. प्रत्यक्ष प्रकार मात्र अगदी निराळा आहे. वाघ एकट्याने हिंडतो, बिबळ्या एकट्याने हिंडतो. त्यांच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या एका मुलखाला धरून कळपाने राहणारा सिंह हाच काय तो एक. शिकाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु कळपात कोण कोणाचे, कोण किती दिवस टिकते, आणि दोन दांडगे नर एकमेकांशेजारी सुखाने का नांदतात, हे बंदुकीच्या नळीतून दिसण्यासारखे नव्हते. मेलेल्या सिंहाची लांबी मोजता येते, त्याचे नाते मोजता येत नाही.

हे ज्ञान पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या माळावर मिळाले. टांगानिका इंग्रजांच्या ताब्यात असताना, 1951 साली, तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. 1959 साली त्याची हद्द बदलली आणि तेथे गुरे चारणाऱ्या मसाई लोकांना तो मुलूख सोडून बाहेर जावे लागले. जनावरांसाठी राखलेल्या जमिनीची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

1966 साली जॉर्ज शॅलर हे अभ्यासक तेथे गेले. त्यापूर्वी त्यांनी आपल्या मध्य प्रदेशातील कान्हाच्या रानात वाघाचा अभ्यास केला होता. सेरेंगेटीत त्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ सिंहांच्या मागे घालविला. काहींच्या कानांत खुणेचे बिल्ले अडकविले, आणि एकेका जनावराची नोंद ठेवण्यास आरंभ केला. 1972 साली त्यांचा ग्रंथ निघाला. पण तीन वर्षे म्हणजे सिंहाच्या आयुष्याचा एक तुकडा. खरे महत्त्व पुढे घडले त्याला आहे: शॅलर गेले तरी वही बंद झाली नाही. ती ब्रायन बर्ट्रम यांनी घेतली, त्यांच्याकडून डेव्हिड बायगॉट व जेनेट हॅन्बी यांनी, आणि 1978 साली क्रेग पॅकर व ॲन प्युसी यांनी. ज्यांनी सभासदांच्या वर्गणीची पुस्तके सांभाळली आहेत त्यांस हे काम किती कंटाळवाणे, आणि वही एकदा खंडित झाली म्हणजे मागचे सारे कसे फुकट जाते, हे सांगावयास नको.

हजेरी घ्यावयाची तर माणूस ओळखता आला पाहिजे. सिंह तर एकासारखा एक! यावर 1970 साली पेनिक्विक आणि रुडनाई यांनी एक साधी युक्ती मांडली. सिंहाच्या गालावर मिशांच्या ओळी असतात, आणि सर्वांत वरच्या ओळीतले थोडेसे ठिपके प्रत्येक सिंहाच्या चेहऱ्यावर निरनिराळ्या जागी पडलेले असतात. ते जन्मभर बदलत नाहीत. आपल्याकडे अंगठ्याचा ठसा घेतात, तसाच हा प्रकार. ठिपक्यांना कानाच्या चिरा व जखमांचे वण यांची जोड दिली की सिंहाचे कार्ड तयार. 1984 पासून प्रत्येक कळपातील एका सिंहिणीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधण्यात येऊ लागला. पट्टा सिंहिणीलाच का? कारण मुलूख तिचा असतो.

या हजेरीपटातून निघालेली पहिली मोठी गोष्ट हीच. कळप म्हणजे आई, मुली, मावश्या, भाच्या. जमीन आईकडून मुलीकडे जाते. आपल्या जुन्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग होते. सिंहिणी या मिरासदार, आणि आयाळवाला महाराज हा निव्वळ उपरी. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास नरबच्च्यांना कळप सोडावा लागतो. ते भटकतात, टोळी बांधतात, आणि बळ आले म्हणजे दुसऱ्या एखाद्या कळपावर चालून जाऊन तेथल्या नरांना हुसकतात. त्यांची सद्दी बहुधा दोनतीन वर्षांची.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते. नवी टोळी आली की ती आधीच्या नरांची लहान पिल्ले मारते. पिल्ले गेली म्हणजे सिंहीण लवकर माजावर येते. ती जगली तर दीडदोन वर्षे थांबावे लागेल, आणि एवढी उसंत उपऱ्याला नसते. म्हणून सिंहांच्या एकजुटीचे उदाहरण कामगारांच्या सभेत देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही युनियन नव्हे, ही पेंढाऱ्यांची टोळी आहे.

तरीही टोळी टिकते कशावर, हा प्रश्न उरतोच, आणि आम्हांस तो सर्वांत मोलाचा वाटतो. 1979 साली बायगॉट, बर्ट्रम व हॅन्बी यांनी वहीतील आकडे मांडून दाखविले की मोठी टोळी कळप अधिक काळ राखते, आणि वाटेकरी वाढूनही दर नरामागे संतती अधिक पडते. हिशेब सरळ दिसला. 1991 साली रक्ताच्या तपासणीतून पितृत्व ठरविता आले, तेव्हा त्याची दुसरी बाजू उघडी पडली. दोघातिघांच्या टोळीत परकेही सामील होतात, कारण तेथे वाटणी बरीचशी समान होते. चार किंवा अधिक नर जमले म्हणजे ते हटकून भाऊबंद निघतात. कारण मोठ्या टोळीत काहींच्या वाट्याला पिल्ले जवळजवळ येतच नाहीत, आणि भावाची पोरे एवढ्याच नफ्यावर राहावयाला भाऊच तयार होतो.

मग परका साथीदार ऐन वेळी पाय काढता घेईल काय? हे पाहण्यासाठी ध्वनिक्षेपकावरून अनोळखी सिंहांच्या गर्जना ऐकविण्यात आल्या. 1995 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की नर आवाजाच्या दिशेने चालून जातात. साथीदार सख्खा असो वा परका, जवळ असो वा नसो. पाहारा ठेवणारे कोणी नसतानाही ते जातात. सिंहिणींत मात्र निराळे दिसले. काही नेहमी पुढे होत, काही नेहमी मागे रेंगाळत. पुढची सिंहीण वळून मागे पाही, किंचित थबके, पण रेंगाळणारीला शासन करीत नसे. पुन्हा आपली पुढे जाई. संपफोड्यांना एवढ्या शांतपणे घेणारा पुढारी आमच्या पाहण्यात नाही!

वही चालू होती म्हणूनच 1994 चा अनर्थही नेमका कळला. कुत्र्यांत आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाने त्या साली सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. कार्डे नसती तर सिंह कोठेतरी निघून गेले असे म्हणून लोक स्वस्थ बसले असते.

आपल्याकडील गीरचे सिंह 1965 पासून अभयारण्याच्या संरक्षणाखाली आहेत. तेथील नरांच्या जोड्यांचाही अलीकडे असाच पाठपुरावा झाला. तेथे नर आणि मादी एरवी वेगवेगळे राहतात, आणि दोन साथीदारांत एक वरचढ असतो. समागमाचा बराच मोठा वाटा आणि शिकारीतलेही अधिक मांस तो घेतो. दुसरा उरलेल्यावर राहतो. परंतु तो जोडी मोडून जात नाही, कारण एकट्या नराच्या पदरात त्याहूनही कमी पडते.