पंचांगांतील पाऊस आणि ताटांतील मासा

मृग लागला कीं भात पेरावयाचें, आणि नारळी पौर्णिमा झाली कीं होडी पाण्यांत लोटावयाची, या दोन खुणांवर ठाणें-कल्याणच्या मुलखाचें वर्ष पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें आहे. पहिली खूण सूर्याची, दुसरी चंद्राची. पण दोहोंची नोंद एकाच पंचांगांत. शेतकरी, कोळी आणि भिक्षुक हे तिघे एका पंक्तीस क्वचितच बसले असतील. परंतु हें पुस्तक तिघांचेंही होतें. आज भाताच्या खाचरांवर डोंबिवलीच्या इमारती उभ्या आहेत, तरी अन्नाचा आणि पाण्याचा वाद निघाला कीं पंचांग मध्यें येतेंच. मासेमारी कोणत्या दिवशीं सुरू व्हावी, श्रावणांत काय वर्ज्य करावें, यंदां पाऊस किती, या प्रत्येक प्रश्नावर एक पक्ष म्हणतो कीं पूर्वजांनीं सारें ग्रहांवरून जाणलें होतें. दुसरा म्हणतो कीं सारेंच थोतांड. आम्हांस हे दोन्ही पक्ष घाईचे वाटतात. पंचांगांत निरीक्षण आहे, गणित आहे आणि फलही आहे. या तिघांस एकाच तराजूंत घातल्यानें वाद मिटत नाहीं, वाढतो मात्र.

या विवेकाचा पाया घालणाऱ्यांपैकीं एक पुरुष कांहीं काळ ठाण्यास राहिलेला होता, हें ठाणेकरांसही फारसें ठाऊक नसेल. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे १८८० पासून १८८२ पर्यंत ठाण्याच्या मराठी शाळेंत शिक्षक होते. जन्म १८५३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूड येथें. विद्यापीठाची पदवी नाहीं. शाळामास्तराच्या पगारावर संसार. आणि अशा स्थितींत त्यांनीं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध केला, जो १८९६ सालीं पुण्यास प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनीं ते वारले. त्या काळीं महाराष्ट्रांत सायन-निरयनाचा वाद पेटलेला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं आपल्या तारुण्यांत कुलाब्याच्या वेधशाळेंत काम केलेलें. त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघूं लागलें होतें. त्यांच्याविरुद्ध ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले यांनीं सायन मताची बाजू उचलली. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित या तिघांनीं शके १८०६, म्हणजे १८८४ पासून सायन पंचांग काढलें.

वादाचा मुद्दा वरून कोरडा दिसतो. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुनः त्याच ताऱ्यापाशीं येण्यास जो काळ लागतो, तो एका वसंतसंपातापासून दुसऱ्या वसंतसंपातापर्यंतच्या काळाहून सुमारें वीस मिनिटांनीं अधिक आहे. वीस मिनिटें म्हणजे काय मोठें? परंतु सुमारें ७१ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो, आणि हजार वर्षांत चौदा. ऋतु सूर्याच्या दुसऱ्या वर्षाप्रमाणें चालतात. आपलीं नक्षत्रें पहिल्याप्रमाणें. मकरसंक्रांत उत्तरायणाच्या खऱ्या आरंभापासून, म्हणजे २२ डिसेंबरच्या सुमारापासून, ढळत ढळत १४ जानेवारीवर आली आहे, हें आतां शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. पण संक्रांत ढळली तसा मृगही ढळला आहे, याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं.

आतां ठाण्याच्या शेतकऱ्याकडे येऊं. आज सूर्य मृगांत जातो तो ७-८ जूनला, आणि हवामानखात्यानें २०२० सालीं मुंबईस मोसमी पाऊस पोहोंचण्याची सामान्य तारीख ११ जून ठरविली आहे. दोहोंचा मेळ इतका सुरेख बसतो कीं, मृग पाऊस आणतो ही समजूत कोणाचीही व्हावी. परंतु सहाव्या शतकांत, वराहमिहिराच्या काळीं, ऋतुमानानें पाहतां सूर्याचा मृगप्रवेश आजच्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत होत असे. त्या दिवसांत कोंकणच्या किनाऱ्यावर घामाच्या धारांपलीकडे कोणती वृष्टि होणार? पाऊस तेव्हांही जूनमध्यें येत असला पाहिजे, आणि सूर्य त्या वेळीं आर्द्रा नक्षत्रांत असे. आर्द्रा म्हणजे ओली, हें नांवच पुरेसें बोलकें आहे. शिवाय पंचांगकर्त्यांनीं एक जुना नियम नकळत जपून ठेवला आहे: गुढीपाडव्यास जें संवत्सरफल वाचतात, त्यांत मेघांचा अधिपति कोण, हें सूर्याच्या आर्द्राप्रवेशाच्या वारावरून ठरतें, मृगाच्या नव्हे. नियम लिहिणाऱ्याच्या काळीं पाऊस आर्द्रेचा होता. नियम तसाच राहिला, पाऊस मृगाकडे आला. यापुढें नऊशें-साडेनऊशें वर्षांनीं मृग २१ जूनच्या सुमारास लागेल, आणि त्या वेळचा कोंकणांतील शेतकरी, जर असलाच, तर रोहिणीच्या पावसाचीं गाणीं गाईल.

यांत आणखी एक गंमत आहे. नक्षत्रचक्राचा आरंभ कोणत्या ताऱ्यापासून मोजावा याविषयींही एकमत नाहीं. लोकमान्य टिळकांच्या नांवानें चालणारें पंचांग रेवतीच्या ताऱ्यावरून आरंभ धरतें, प्रचारांतलीं बहुतेक इतर पंचांगें चित्रेवरून. दोहोंत सुमारें चार अंशांचें अंतर आहे. त्यामुळें एकाच सूर्याचा मृगप्रवेश दोन पंचांगांत तीन-चार दिवसांच्या फरकानें होतो. दोन्हींचे अभिमानी आपापल्या मृगाच्या पहिल्या सरींत भिजतात, आणि कोणाचीच तक्रार नसते!

गणित येथें संपतें आणि फल सुरू होतें. प्रत्येक पर्जन्यनक्षत्रास पंचांगांत एक वाहन दिलेलें असतें: बेडूक, म्हैस, हत्ती असल्यास पाऊस भरपूर, कोल्हा, मेंढा असल्यास ओढ. हें वाहन सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आणि नवांनीं भागून येणाऱ्या बाकीवरून काढतात. ढगाकडे, वाऱ्याकडे वा समुद्राकडे पाहण्याची यांत गरजच नाहीं. बाकी एकच असल्यामुळें डोंबिवलीस जो हत्ती, तोच सोलापुरासही हत्ती. आणि या दोन गांवांच्या पावसांतलें अंतर जगजाहीर आहे. लोकांनीं ठेवलेलीं नांवें याहून शहाणीं वाटतात. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा, या नांवांमागें निदान कोणाचें तरी पाहणें आहे. तरी म्हाताऱ्याचाही भरंवसा धरूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सूर्य पुष्यांत होता. त्या एका दिवसांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २७ जुलै २०१९ रोजीं, पुनः पुष्यांतच, उल्हास नदीच्या पुरानें बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारें हजार उतारूंना होड्यांनीं बाहेर काढावें लागलें. नदीच्या पात्रांत आणि पूररेषेंत काय बांधलें गेलें आहे, हें कोणत्याच वाहनावरून कळत नाहीं.

अन्नाच्या नियमांकडे वळलें असतां निराळा प्रकार दिसतो. चातुर्मासांत श्रावणांत शाक, भाद्रपदांत दहीं, आश्विनांत दूध आणि कार्तिकांत द्विदल धान्य वर्ज्य, अशी धर्मग्रंथांची व्यवस्था आहे. आमच्या मुलखानें ती आपल्या सोयीनें घेतली. आषाढांत कांदेनवमीस कांद्यावांग्याची पोटभर भेट घ्यावयाची, अमावास्येस मांसमत्स्यांची, आणि मग महिनाभर व्रतस्थ. परंतु शाकांचा निषेध येथें कधींच पूर्ण रुजला नाहीं, आणि त्याचें कारण कल्याण स्टेशनाबाहेर पावसाळ्यांत पाटी घेऊन बसणाऱ्या आदिवासी बायांच्या समोर उभें राहिलें म्हणजे कळतें. शेवळें, टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोलीं हीं रानांतून आपण होऊन येतात, आणि थोडेच दिवस राहतात. शेवळांची खाज काकडाच्या फळांनीं मारावी लागते, ही विद्या कोणत्याही संहितेंत आम्हांस आढळली नाहीं. उलट भाद्रपदांत ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें कांहीं खावयाचें नाहीं असा नियम करून समाजानें या रानभाज्यांस देवघराची वाट करून दिली. एका तिथीनें जें नाकारलें, तें दुसरीनें परत दिलें.

मत्स्याहाराचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तेथें पोटाशीं गांठ आहे. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला, आणि पुष्कळ मासे याच सुमारास अंडीं घालतात. म्हणून कोळी होड्या वर ओढून सुकट-बोंबलावर दिवस काढी, आणि श्रावणी पौर्णिमेस दर्याला नारळ देऊन पुनः निघे. शिडाची होडी होती तोंवर या रीतीस कायद्याची गरज पडली नाहीं. वारा हाच शिपाई होता. यंत्राच्या बोटी आल्या आणि शिपाई निरुपयोगी झाला. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालीं महाराष्ट्रांत पावसाळी बंदी आली, आणि तिची मुदत मोठी मौजेची होती: १० जूनपासून, १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकीं जें आधीं येईल तोंपर्यंत. सरकारी आज्ञेंत पंचांगाला इतकें मानाचें पान क्वचितच मिळालें असेल. पुढें पश्चिम किनाऱ्यास १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकसारखी बंदी लागू झाली आणि पौर्णिमा त्यांतून गळाली. तेव्हांपासून बंदी पौर्णिमेपर्यंत वा १५ ऑगस्टपर्यंत असावी अशी मागणी मच्छीमारांतूनच पुनः पुनः होत आली आहे.

या वादांत पूर्वजांचें नांव घेणाऱ्यांनीं एक हिशेब पाहावा. नारळी पौर्णिमा २०१२ सालीं २ ऑगस्टला आली होती. २०२३ सालीं श्रावण अधिक झाल्यामुळें ती ३० ऑगस्टला आली. अठ्ठावीस दिवसांचें हें अंतर चंद्रमासाचें आहे, माशांच्या विणीचें नव्हे. आणि सायनवाद्यांचें ऐकलें असतें तर? त्यांचा श्रावण पुष्कळ वर्षीं एक महिना आधीं येई. म्हणजे जुलैच्या भर तुफानांत नारळ देऊन होडी लोटावी लागली असती. ऋतूंशीं जुळणारें पंचांग कोळ्याच्या कामास निरुपयोगी ठरलें असतें, हा या वादांतला सर्वांत मौजेचा विपर्यास होय. यावरून आमचें अनुमान असें कीं, समुद्र मोकळा होण्याशीं या पौर्णिमेचा जो संबंध जडला, तो फार प्राचीन नसावा. श्रावण ऑगस्टकडे सरकल्यावर, अलीकडच्या कांहीं शतकांतच, तो पक्का झाला असला पाहिजे. १९५७ सालीं राष्ट्रीय पंचांग आलें, तेव्हां व्यवहाराचें वर्ष सायन झालें आणि सण जुन्याच मार्गानें चालूं दिले गेले. दीक्षितांस ही तडजोड पटली नसती, पण कोळ्यांची होडी तिनें वांचविली.

चंद्राचें खरें राज्य भरती-ओहोटीवर आहे, आणि तेथें कोळ्याचें ज्ञान निर्विवाद आहे. तिथीची पाऊणपट केली कीं मुंबईच्या बंदरांत भरतीची वेळ साधारण निघते: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीस भांग. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यांत हा हिशेब करावयास पाटी लागली नसेल. हेंही पंचांगच, पण यांत फल नाहीं, भीति नाहीं, आणि तें रोज दोनदां पाण्यानें तपासलें जातें.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत पावसाचीं प्रकरणें आहेत. मेघांचा गर्भ १९५ दिवसांनीं प्रसवतो हें त्याचें मत आज कोणी मानणार नाहीं. पण हातभर रुंद कुंड ठेवून पाऊस मोजावा, असेंही तोच सांगतो. त्याच ग्रंथांत उत्पातांचा एक अध्याय आहे, आणि त्यांत भलत्या रंगाच्या, भलत्या वस्तूंच्या वृष्टीचा विचार आहे. असे उत्पात कां होतात? तर मनुष्यांच्या अपचारामुळें, असें उत्तर तो आरंभींच देऊन ठेवतो. २०१४ च्या जानेवारींत डोंबिवलींत हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारींत तेथल्याच औद्योगिक वसाहतींतला रस्ता गुलाबी झाला. कारण शोधावयास कोणास पंचांग उघडावें लागलें नाहीं. रासायनिक कारखाने हाकेच्या अंतरावर होते. वालधुनी नदी अंबरनाथ-उल्हासनगरांतून जें आणते, तें कल्याणजवळ उल्हासाच्या खाडींत मिळतें, आणि बोईट, निवट्या, चिंबोरी यांचें घर तेंच. संहिताकार उत्पातानंतर राजाकडून शांति करवितो. येथें राजाची जागा नियंत्रण मंडळानें, नगरपालिकांनीं आणि न्यायाधिकरणानें घेतली आहे, दंडाच्या आज्ञाही झालेल्या आहेत. बंदी ३१ जुलैस उठो वा पौर्णिमेस, खाडीच्या कोळ्याचें जाळें त्या दोन्ही दिवशीं याच पाण्यांत पडतें.