सोलच्या युवा मेळाव्याला जाताना : धर्मग्रामाच्या युवा मंडळाची पूर्वतयारी

दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे ३ ते ८ ऑगस्ट २०२७ या काळात जागतिक युवा दिनाचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरणार आहे. लिस्बनच्या मेळाव्याचा समारोप करताना ६ ऑगस्ट २०२३ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी सोलचे नाव घोषित केले होते. त्यांच्या निधनानंतर पोप चौदावे लिओ ह्यांनी ३ ऑगस्ट २०२५ रोजी रोममधील तोर व्हेर्गाता येथे जमलेल्या युवकांसमोर मेळाव्याच्या तारखा सांगितल्या. आशिया खंडात हा आंतरराष्ट्रीय मेळावा याआधी एकदाच, १९९५ साली मनिला येथे भरला होता. पनामा किंवा लिस्बनच्या मानाने सोल आपल्याला जवळ आहे. त्यामुळे वसई धर्मप्रांतातील युवा मंडळांच्या बैठकांत 'आपणही जाऊ या' हा विषय निघणे स्वाभाविक आहे. असा विचार करणारे युवक-युवती, त्यांचे पालक आणि धर्मग्रामातील जबाबदार मंडळी ह्यांच्या उपयोगासाठी आम्ही ही माहिती एकत्र करीत आहोत.

ह्या मेळाव्याचे मूळ १९८४ साली आहे. मुक्तीच्या पवित्र वर्षानिमित्त त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी युवक मोठ्या संख्येने रोमला जमले होते. पवित्र वर्षाच्या समाप्तीला, पुनरुत्थान रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी एक साधा लाकडी क्रूस युवकांच्या हाती सोपवला. तोच क्रूस आज देशोदेशी फिरतो. जागतिक युवा दिन १९८६ पासून दरवर्षी धर्मप्रांताच्या पातळीवर साजरा होऊ लागला आणि दोन-तीन वर्षांच्या अंतराने एखाद्या शहरात आंतरराष्ट्रीय मेळावा भरू लागला. धर्मप्रांतांतील साजरा पूर्वी झावळ्यांच्या रविवारी होत असे. २०२१ पासून तो ख्रिस्तराजाच्या सणाला होतो. म्हणजे सोलला न जाताही जागतिक युवा दिन पाळता येतो. ह्या मुद्द्याकडे आम्ही शेवटी परत येऊ.

मेळाव्याच्या आठवड्याचा क्रम साधारण ठरलेला असतो. मंगळवारी प्रारंभीचे मिस्साबलिदान होते. पुढचे तीन दिवस सकाळी भाषावार गटांत बिशपांची प्रबोधने होतात आणि दुपारनंतर प्रायश्चित्त संस्कार, आराधना व संगीताचे कार्यक्रम चालतात. गुरुवारच्या सुमारास पोपमहोदयांचे स्वागत, शुक्रवारी क्रूसाची वाट, शनिवारी पायी चालत जाऊन मोकळ्या मैदानावर रात्रीची जागरण-प्रार्थना आणि रविवारी सकाळी त्याच मैदानावर समारोपाचे मिस्साबलिदान होते. मेळाव्यापूर्वीचे काही दिवस यजमान देशातील धर्मप्रांत पाहुण्या युवकांना आपल्या घरी व धर्मग्रामांत उतरवून घेतात. ज्यांना रजा आणि खर्च जमेल त्यांनी हे आधीचे दिवस चुकवू नयेत. लाखोंच्या गर्दीत जे मिळत नाही ते एखाद्या कुटुंबाच्या जेवणाच्या पाटावर मिळते.

आधी खर्च, मग नावे

तयारी म्हटली की बहुतेक मंडळे प्रथम नावांची यादी करतात. आमच्या मते चूक येथेच होते.

पूर्वीच्या एका प्रवासाच्या वेळी आम्हीही तसेच केले. उत्साहाच्या भरात बैठकीत हात वर झाले, नावे लिहिली गेली आणि रक्कम हप्त्यांनी गोळा करण्याचे ठरले. तिसऱ्या हप्त्याला एका मुलीने घरात आजारपण असल्याचे सांगून नाव मागे घेतले. आजारपण नव्हते हे सर्वांना ठाऊक होते. वडिलांची नोकरी सुटली होती आणि ते बैठकीत सांगण्याची वेळ आम्ही तिच्यावर आणली होती. पुढे ती रविवारच्या मिस्साला येत राहिली, युवा मंडळात मात्र पुन्हा आली नाही. प्रवास उत्तम झाला, छायाचित्रेही पुष्कळ आली. परंतु मंडळाचा एक सभासद आम्ही गमावला.

म्हणून क्रम उलटा असावा. विमानाचे भाडे, नोंदणी शुल्क, व्हिसा, प्रवासी विमा, तेथील हातखर्च आणि अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी थोडी राखीव रक्कम असा प्रत्येकी अंदाज प्रथम लिहून काढावा. त्यातील किती भार कुटुंबाने उचलायचा, किती मंडळाने मिळवायचा आणि किती धर्मग्रामाने किंवा दात्यांनी द्यायचा, हे प्रमुख धर्मगुरू व पालक ह्यांच्या उपस्थितीत ठरवावे. त्यानंतरच नावे मागवावीत. मंडळाने मिळवलेली रक्कम सर्वांच्या नावे सारखी वाटण्याऐवजी ज्याला कमी पडते त्याच्याकडे अधिक वळवावी. ती कोणाला किती मिळाली हे दोनच माणसांना माहीत असावे, धर्मगुरूंना आणि हिशेबनीसाला.

हे तत्त्व खुद्द मेळाव्याच्या आयोजनातही आहे. क्राकूफच्या २०१६ च्या मेळाव्यात देशांची आर्थिक स्थितीनुसार गटवारी करून नोंदणी शुल्क कमी-अधिक ठेवले होते आणि गरीब देशांतील युवकांसाठीच्या सहाय्यनिधीत यात्रेकरूंकडून वेगळी रक्कम घेतली जात होती. जगाच्या पातळीवर जे करता येते ते एका धर्मग्रामात करणे अवघड नसावे. आपल्या धर्मप्रांताच्या पूर्व पट्ट्यातील आदिवासी वस्त्यांमधूनही एखादा युवक ह्या निमित्ताने बाहेर पडला, तर पश्चिमेकडील मोठ्या धर्मग्रामांनी त्याचा भार वाटून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

निधी उभारण्याचे मार्ग सर्वांना परिचित आहेत. नाताळातील केक व फराळाची विक्री, सणाच्या दिवशी खाद्यपदार्थांचे टेबल, हाउसी, नाटकाचा प्रयोग, रद्दी गोळा करणे ह्यांतून एका वर्षात बऱ्यापैकी रक्कम जमते. ती कोणाच्याही व्यक्तिगत खात्यात ठेवू नये. धर्मग्रामाच्या संमतीने दोन सह्यांचे खाते असावे. कर्ज काढून यात्रा करू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. शेतकऱ्याची सावकाराच्या पाशातून सुटका व्हावी म्हणून मॉन्सिनियर मोनीस ह्यांनी १९१८ साली वसईत बॅसीन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला. त्याच वसईत मुलाला मेळाव्याला धाडण्यासाठी आईच्या बांगड्या गहाण पडाव्यात, हे शोभणारे नाही.

कागदपत्रे

पासपोर्ट ही सर्वांत लांबणारी बाब असून ती सर्वांत आधी हाती घ्यावी. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट हवा. अठरा वर्षांखालील मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांची संमती लागते.

आपल्याकडची खरी अडचण नावांची आहे. घोन्साल्विस, लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज ह्या आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग बाप्तिस्म्याच्या दाखल्यात एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यात दुसरे आणि आधारपत्रात तिसरे, असे घरोघरी आढळते. कोठे वडिलांचे नाव मधे असते, कोठे नसते. डिमेलोमधील वरचे चिन्ह एका कागदावर असते, दुसऱ्यावर गळलेले असते. आमच्या गटातील एका तरुणाला एका अक्षराच्या फरकासाठी चार महिने फेऱ्या माराव्या लागल्या होत्या. मंडळाने एका रविवारी सर्व इच्छुकांना आपापले कागद घेऊन बोलवावे आणि ते शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. अर्ध्या तासाचे हे काम पुढचे चार महिने वाचवते. पासपोर्टवर जे नाव आहे तेच, अक्षरास अक्षर, नोंदणीत व विमान तिकिटावर असले पाहिजे.

भारतीय नागरिकांना दक्षिण कोरियाचा व्हिसा आधी काढावा लागतो. एकदाच प्रवेशाचा अल्प मुदतीचा व्हिसा साधारणतः मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरायचा असतो. त्यामुळे तो फार लवकर काढून उपयोग नाही आणि जुलैपर्यंत थांबणेही धोक्याचे आहे. ईस्टर २८ मार्च २०२७ रोजी आहे. त्या सुमारास सर्व कागद तयार असावेत आणि मेच्या मध्यापासून अर्ज जावेत. विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाचे पत्र, पालकांच्या उत्पन्नाचे व बँकेचे पुरावे, नोंदणीनंतर आयोजकांकडून येणारे पत्र आणि बिशपांचे शिफारसपत्र जवळ ठेवावे. नोंदणी एकेकट्याने न करता धर्मप्रांताच्या युवा विभागामार्फत आणि भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेच्या युवा कार्यालयाच्या सूचनांनुसार करणे श्रेयस्कर. मेळाव्याच्या नावाखाली परदेशी जाऊन तेथेच राहण्याचे प्रकार मागे काही देशांतील युवकांकडून घडले आहेत. त्यामुळे व्हिसा अधिकारी अनोळखी अर्जांकडे साशंक दृष्टीने पाहतात. शिफारसपत्रावर सही करणाऱ्या धर्मगुरूंनी त्या युवकाला स्वतः ओळखले पाहिजे.

ऑगस्ट महिना कोरियात उन्हाळी सुट्टीचा असला तरी आपल्याकडे महाविद्यालये चालू असतात. रजेची लेखी परवानगी जूनमध्येच घ्यावी.

उकाडा

ह्या विषयावर आम्ही थोडे अधिक लिहितो. 'उन्हाचे आम्हांला काय सांगता, आम्ही मेमध्ये क्रिकेट खेळतो' असे उत्तर युवकांकडून हमखास मिळते.

ज्या आठवड्यात लिस्बनला युवा मेळावा चालू होता, त्याच आठवड्यात, १ ऑगस्ट २०२३ पासून, दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर सेमानगम येथे बालवीरांचा जागतिक मेळावा सुरू झाला होता. समुद्र हटवून तयार केलेल्या, झाडांची सावली नसलेल्या जमिनीवर चाळीस हजारांहून अधिक मुले तंबूंत उतरली होती. उष्णतेने शेकडो जण आजारी पडले. ब्रिटन व अमेरिकेच्या तुकड्या मुदतीआधी तळ सोडून गेल्या आणि ८ ऑगस्टला, येऊ घातलेल्या वादळामुळे, संपूर्ण तळ रिकामा करावा लागला. सोलचा मेळावा वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या आयोजकांकडून होणार आहे. परंतु देश तोच, आठवडाही जवळपास तोच.

जुलैअखेर व ऑगस्टच्या आरंभी सोलमध्ये तापमान तिशीच्या वर असते आणि हवा दमट असते, आपल्या मेअखेरीसारखी. फरक असा की मे महिन्यात आपण दुपारी घरात असतो. मेळाव्यात शनिवारी पाठीवर ओझे घेऊन काही किलोमीटर चालायचे, रात्र उघड्यावर काढायची आणि दुसऱ्या दिवशी मिस्साबलिदानानंतर तितकेच परत चालायचे असते. पाऊसही येतो. माद्रिदला २०११ साली जागरण-प्रार्थनेच्या रात्री वादळी पाऊस झाला आणि पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांना आपले प्रवचन मध्येच आवरते घ्यावे लागले.

म्हणून मे २०२७ पासून दर रविवारी मंडळाने एकत्र चालण्याचा सराव करावा, पाठीवर खरीखुरी पिशवी घेऊन. वापरलेले, पायाला बसलेले बूट न्यावेत. नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी फोड येतात. टोपी, पाण्याची बाटली, मीठ-साखरेच्या पुड्या, पातळ रेनकोट आणि जमिनीवर अंथरण्याची चटई एवढे प्रत्येकाजवळ हवेच. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनात न्यावीत. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते आणि कोरियात ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. ताईने प्रेमाने पिशवीत घातलेली बाटली विमानतळावर अडचणीची ठरू शकते.

जेवणाची चिंता वसईकराने करू नये. तिकडेही भात, मासे आणि तिखट आहे.

दर दहा युवकांमागे एक जबाबदार प्रौढ असावा आणि मुली असल्यास स्त्री प्रतिनिधी असावी, धर्मभगिनी असल्यास उत्तम. अल्पवयीन मुलांच्या पालकांची लेखी संमती, रक्तगट व ॲलर्जीची नोंद दोन प्रतींत ठेवावी. मुक्काम शाळांच्या सभागृहांत असू शकतो. तेथे मुलामुलींची व्यवस्था वेगळी आहे ना, हे पोहोचल्याबरोबर पाहावे.

जाण्यापूर्वी, आणि जे जाणार नाहीत त्यांच्यासाठी

कोरियातील ख्रिस्तसभेचा इतिहास युवकांनी वाचून जावे. तेथे श्रद्धेची सुरुवात परदेशी धर्मगुरूंनी केली नाही. ग्रंथ वाचून ओढल्या गेलेल्या विद्वानांपैकी यी सुंग-हून हे १७८४ साली बीजिंगला बाप्तिस्मा घेऊन परतले आणि प्रापंचिकांनीच पहिला समुदाय उभा केला. पहिले कोरियन धर्मगुरू संत आंद्रेया किम १८४६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, हुतात्मा झाले. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सियाही पूर्व आशियातच, जपानमधील नागासाकी येथे, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रूसावर गेले. दोघांची चरित्रे एकत्र अभ्यासायला घेतली तर तयारीच्या बैठका केवळ सामानाच्या चर्चेत संपणार नाहीत.

एका धर्मग्रामातून दहा-बारा जण जातील, शंभर मागे राहतील. मागे राहणाऱ्यांसाठी कार्यक्रम आखण्याचे काम जाणाऱ्यांकडेच सोपवावे, असे आम्ही सुचवतो. त्यांनी निघण्यापूर्वी शनिवार, ७ ऑगस्टच्या प्रार्थनेची रूपरेषा तयार करून द्यावी. सोलची घड्याळे आपल्यापुढे साडेतीन तास असतात. तेथे सायंकाळचे साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे चार वाजलेले असतात. त्या वेळी भातलावणी आटोपलेली असते आणि शनिवारची दुपार बहुतेकांना मोकळी असते. चर्चच्या सभागृहात पडद्यावर प्रक्षेपण लावून, त्यानंतर आराधना करून, धर्मग्रामातील युवकांना ती वेळ एकत्र घालवता येईल. पासपोर्ट न मिळालेला, व्हिसा नाकारला गेलेला आणि पैशांअभावी थांबलेला, तिघांनाही तेथे काही काम द्यावे.

परतल्यावर एका महिन्याच्या आत जमाखर्च चर्चच्या फलकावर लावावा. दात्यांची नावे त्यात असावीत. मदत घेणाऱ्यांची नसावीत. शिल्लक उरल्यास ती पुढील मेळाव्याच्या खात्यात राहू द्यावी.