शाहबानोच्या वर्षातला दुसरा निकाल

१९८५ साल म्हटले की आपल्या समाजात एकच नाव पुढे येते, शाहबानो. २३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तलाकनंतरच्या पोटगीचा निकाल दिला आणि देशभर सभा, मोर्चे, पत्रके यांचा पूर आला. पुढच्याच वर्षी संसदेला नवा कायदा करावा लागला. त्या निकालाच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे लोक आजही तारीखवार सगळे सांगू शकतात.

त्या निकालानंतर अठ्ठ्याहत्तर दिवसांनी, १० जुलै १९८५ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. सरन्यायाधीश तेच, यशवंतराव चंद्रचूड. पीठ पाच न्यायमूर्तींचेच. याही निकालाचा संबंध हजारो मुसलमान बायकांच्या संसाराशी होता. पण त्यासाठी जमातीने ना मोर्चा काढला, ना सभा भरवली. कायद्याचे विद्यार्थी हा खटला 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका' या नावाने शिकतात. बाकीचे आपण तो विसरलो आहोत. खरे तर विसरायला तो आधी लक्षात राहिलेला असावा लागतो.

या खटल्याची सुरुवात ज्या हुकमाने झाली, तो बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांचा होता, आणि म्हणून ही गोष्ट आपल्यासाठी अवघड आहे. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचा हा माणूस जून १९८० मध्ये महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. राज्याला आजवर लाभलेला तो एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. कोकणी मुसलमानांच्याच नव्हे, तर मराठवाडा, खानदेश, विदर्भातल्या मुसलमानांच्या घरांतही त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. हा अभिमान पोकळ नाही. विधवा, अपंग, वृद्ध यांना दरमहा मदत देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. ती आजही चालू आहे.

त्याच मुख्यमंत्र्यांनी १३ जुलै १९८१ रोजी जाहीर केले की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या सर्वांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवले जाईल. पोलीस आयुक्तांना पालिकेला मदत करण्याचे आदेश गेले. दिलेले कारण दयेचे होते. हे जगणे अमानुष आहे, असल्या तकलादू झोपड्यांत पावसाळा काढता येत नाही, असे सरकारचे म्हणणे होते. मग दयेपोटी भर पावसाळ्यात झोपड्या पाडल्या गेल्या आणि माणसांना राज्य परिवहनाच्या बसमध्ये बसवले गेले. मूळच्या तमिळनाडूतल्या सालेमच्या एका कुटुंबाला असेच परत धाडण्यात आले. काही काळाने त्या घरातला कर्ता पुरुष कामाच्या शोधात पुन्हा मुंबईत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहिला. शहराबाहेर नेऊन सोडणे हा बेघरपणावरचा उपाय नाही, हे सिद्ध व्हायला वेगळ्या अभ्यासाची गरज उरली नाही.

निराधार आणि बेघर हे दोन शब्द मी वर्गात समानार्थी म्हणून शिकवू शकेन. सरकारी मराठीत मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे. निराधार माणसाला पत्ता असतो, म्हणून तो अनुदानाच्या यादीत बसतो. बेघर माणसाला पत्ता नसतो, म्हणून तो 'अतिक्रमण' या सदरात जातो. एकच विधवा गावात असली तर मदतीला पात्र आणि भायखळ्याच्या फुटपाथवर असली तर शहरावरचा डाग. एकाच सरकारला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता आल्या, त्या या अंतरामुळे.

हे अंतर अंतुल्यांनी निर्माण केले नाही. त्याची मुळे इंग्रजांच्या काळात आहेत. मुंबई महानगरपालिका १८८८ च्या कायद्याने चालते. त्याच्या ३१४ व्या कलमानुसार आयुक्त रस्त्यावरचे अडथळे पूर्वसूचना न देता हटवू शकतात. त्या कलमातली यादी वाचण्यासारखी आहे. भिंत, कुंपण, खांब, पायरी, खुर्ची, बाक, खोका, शिडी, गाठोडे, फळी. माणूस राहतो अशी जागा त्या यादीत वेगळी लिहिलेली नाही. ती 'इतर बांधकाम' यात येते. म्हणजे चूल, पाळणा आणि मुलांची दप्तरे असलेले खोपटे आणि दुकानाबाहेर ठेवलेली शिडी यांना कायदा एकाच नजरेने पाहत होता.

पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. अस्वच्छ वस्त्या पाडून रुंद रस्ते आणि हवेशीर घरे बांधायची, हे त्याचे काम. ट्रस्टची पहिली योजना नागपाड्यात झाली. पाडणे झटपट झाले, बांधणे मागे राहिले. घर गेलेले लोक नव्या घरांची वाट पाहत बसू शकत नव्हते, कारण त्यांचे काम तिथेच जवळपास होते. ते शेजारच्या गल्ल्यांत, आधीच गच्च भरलेल्या चाळींत घुसले आणि गर्दी उलट वाढली. आधी पाडायचे आणि माणसे कुठे जातील याचा विचार नंतर करायचा, ही रीत या शहराला तेव्हापासून लागली.

आता १९८१ कडे परत येऊ. अंतुल्यांच्या घोषणेनंतर पत्रकार ओल्गा टेलिस, काही नागरी हक्क कार्यकर्ते आणि स्वतः फुटपाथवर राहणारे लोक न्यायालयात गेले. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणात अंतुल्यांना पद सोडावे लागले. खटला मात्र चालूच राहिला. सरकार बदलले तरी सरकारची बाजू बदलली नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवे. मुख्यमंत्री मुसलमान होता म्हणून तो हुकूम निघाला नव्हता आणि पुढचे मुख्यमंत्री मुसलमान नव्हते म्हणून तो मागेही घेतला गेला नाही.

चार वर्षांनी आलेला निकाल एका हाताने देणारा आणि दुसऱ्या हाताने घेणारा होता. न्यायालय म्हणाले, घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. हे लोक फुटपाथवर राहतात कारण त्यांचे काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फुटपाथ गेला तर रोजी जाईल आणि रोजी गेली तर जगणे जाईल. भारतीय कायद्याच्या इतिहासातले हे मोठे वाक्य आहे. पण पुढे न्यायालय असेही म्हणाले की फुटपाथ चालण्यासाठी असतो, तिथे राहण्याचा हक्क कुणालाही नाही आणि ३१४ वे कलम घटनाविरोधी नाही. सूचना देऊन, म्हणणे ऐकून घेऊन हटवता येईल. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी. बाकीच्यांना पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत मुदत.

इथे सगळे येऊन थांबले ते एका कागदावर. १९७६ ची गणना झोपडपट्ट्यांची होती. फुटपाथवर राहणाऱ्या बहुतेकांना तेव्हा कुणी मोजलेच नव्हते. ज्यांना सरकारने मोजले नाही, त्यांच्याकडेच आता मोजल्याचा पुरावा मागितला जात होता.

त्या वर्षी भायखळा, नागपाडा परिसरात जे घडले ते मला या निकालाइतकेच महत्त्वाचे वाटते. १९८४ मध्ये शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्पार्क' ही संस्था सुरू केली होती. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांमध्ये त्यांचे काम होते आणि त्यांत मुसलमान बायका मोठ्या संख्येने होत्या. ३१ ऑक्टोबरची तारीख डोक्यावर असताना या बायकांनी आणि संस्थेने मिळून स्वतःची गणना केली. सुमारे ६,००० कुटुंबे आणि २७,००० माणसे मोजली गेली. अहवालाचे नाव होते 'वी, द इन्व्हिजिबल', म्हणजे आम्ही, न दिसणारे. फुटपाथवर भिकारी आणि गुन्हेगार राहतात, हा समज त्या आकड्यांनी खोडून काढला. हे कष्टकरी लोक होते. कित्येकजण दहा वर्षांहून अधिक काळ याच शहरात होते आणि शहराची हमाली, फेरी, घरकाम तेच करत होते.

मुदत संपली. एका झटक्यात सगळे फुटपाथ मोकळे करण्याची घोषणा पार पडली नाही, तरी पाडापाडी थांबली नाही. पण १९८६ मध्ये याच बायकांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. त्यांनी रेशनकार्डे मिळवली. रोजच्या कमाईतून थोडी थोडी बचत सुरू केली. साड्या आणि कापड ताणून घराचे खऱ्या मापाचे नमुने उभे केले आणि किती जागेत संसार मावतो हे अधिकाऱ्यांना दाखवले. १९९५ च्या पुनर्वसन धोरणात फुटपाथवासीयांनाही झोपडीधारकांप्रमाणे घरासाठी पात्र धरले गेले. पुढे भायखळ्यातली काही कुटुंबे मानखुर्दला पक्क्या घरांत गेली. निकालापासून तिथवर वीसेक वर्षे लागली. तोवर कडेवरची मुले स्वतः आईबाप झाली होती.

मी हे लिहितो ते केवळ जुने उगाळायला नाही. २००१ ते २०११ या काळात देशातल्या शहरी बेघरांची संख्या सुमारे ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेली, असे जनगणना सांगते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी एक निवारा असावा, असे सांगितले. सव्वा कोटींच्या मुंबईला या हिशेबाने सव्वाशे निवारे लागतात. शहर त्याच्या जवळपासही गेलेले नाही. घरासाठीच्या तारखा मात्र बदलत राहिल्या. आधी १९७६, मग १९८५, १९९५, २०००. प्रत्येक तारखेने काहींना आत घेतले आणि तिच्यानंतर आलेल्यांना पुन्हा अतिक्रमण ठरवले.

आपल्या परंपरेत बेघराची जागा काही रस्त्याकडेला नाही. मदिनेत मक्केहून आलेल्या ज्या गरीब मुहाजिरांना घर नव्हते, ते थेट मस्जिद-ए-नबवीच्या ओसरीत राहत. 'अस्हाब-ए-सुफ्फा' म्हणून इतिहास त्यांना आदराने ओळखतो. त्यांना कुणी गावाबाहेर पाठवले नाही. त्यांची नावे चरित्रकारांनी जपून ठेवली आहेत. जकातीच्या आठ हक्कदारांतही वाटेवरच्या मुसाफिराचा, 'इब्नुस्सबील'चा, वाटा ठेवलेला आहे. मिंबरवरून हे आपण दरवर्षी ऐकतो. मग मशिदीतून बाहेर पडतो आणि फाटकाजवळ ताडपत्रीखाली बसलेल्या बाईला वळसा घालून घरी जातो. तिचे नाव आपल्याला माहीत नसते, आणि आपल्या जमातीच्या कुठल्याही वहीतही ते नसते.

शाहबानोच्या वर्षी समाज एका बाईच्या पोटगीवर रस्त्यावर आला. ज्या बायका आधीपासूनच रस्त्यावर होत्या, त्या त्याला दिसल्या नाहीत. अंतुल्यांविषयीचा आपला अभिमान राहू द्या, पण तो सांगताना १३ जुलै १९८१ ही तारीखही सांगू या. आणि मोहल्ल्याच्या कुठल्याही यादीचे काम निघेल तेव्हा फाटकाजवळच्या त्या बाईचे नाव विचारू या. भायखळ्याच्या बायकांनी सरकारची वाट न पाहता सुरुवात तिथूनच केली होती.