दगडावरची वंशकथा आणि कागदावरची कलमे

परिच्छेद हा शब्द शालेय निबंधामुळे आपल्या परिचयाचा झाला. मजकुराची विभागणी मात्र मराठी दफ्तराला फार पूर्वीपासून ठाऊक होती. मोडीत विरामचिन्हे नसत, शब्दही सुटे लिहीत नसत. तरी एका कलमात एकच विषय, ही शिस्त कारकुनाच्या अंगवळणी पडलेली असे.

तंजावरचे दोन लेख या दृष्टीने शेजारी ठेवून वाचावेत. एक, १७९९ सालचा दुसऱ्या सरफोजीराजांचा कंपनी सरकारशी झालेला तह. दुसरा, बृहदीश्वराच्या देवळातील भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास. तो बाबुराव चिटणीसांनी रचला. राजा एकच, अंतर अवघे चार वर्षांचे, साम्य एवढेच. भेद पाहायचा तर दोघांना एकच प्रश्न विचारला पाहिजे. एकाची भाषा आणि दुसऱ्याचा आशय समोरासमोर मांडला, तर ती तुलनाच नव्हे.

प्रश्न असा, की कावेरीकाठच्या भातशेतीच्या गावांवर सत्ता कोणाची? तह कलमवार उत्तर देतो : कारभार कंपनीचा, राजांना तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. शिलालेख पिढीमागून पिढी सांगत सरफोजीराजांपर्यंत येतो. त्याचे सूत्र वंश हे आहे. गावे हातची गेल्यावर सांगण्याजोगे तेवढेच उरले होते, असे मला वाटते. पुढे १८५५ साली सरफोजीपुत्र शिवाजीराजे औरस पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने तंजावरची गादीच खालसा केली.