कॉफीचं दळण

पोळ्यांचे गहू बारीक, लाडवाचं बेसन रवाळ, भाजणी जाडसर. गिरणीत हे सांगायला आपण कधी चुकत नाही. कॉफीच्या बाबतीत मात्र मी चुकलो. हौसेनं फ्रेंच प्रेस आणला आणि घरातली फिल्टर कॉफीची पावडर त्यात टाकली. दट्ट्या दाबताना घाम फुटला. बाबांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "गाळ आहे नुसता. आजीची कॉफी बरी होती."

लागलं ना मनाला! मग शनिवारभर वाचत बसलो.

हिशोब सोपा निघाला. पूड जितकी बारीक, तितका अर्क लवकर उतरतो. म्हणजे पाणी आणि पूड किती वेळ एकत्र राहणार, त्यावर दळण ठरतं. कॉफीचा इतिहास हा बराचसा ही वेळ बदलण्याचाच इतिहास आहे.

तुर्कांनी कॉफी पिठासारखी दळली, कारण ती गाळायचीच नव्हती. पूड तळाशी बसू द्यायची. १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या भांड्यात घालून कॉफी गाळली. कागदातून पाणी अडकू नये म्हणून इथे मध्यम दळण. १९२९ मध्ये इटलीत फ्रेंच प्रेसचं पेटंट निघालं (नाव फ्रेंच, पेटंट इटालियन!). त्यात पूड चार मिनिटं मुरते, वर साधी जाळी, म्हणून जाड्या रव्यासारखं दळण. १९४८च्या सुमारास मिलानच्या गाज्जियाचं यंत्र आलं. सुमारे नऊ पट वातावरणीय दाब आणि अर्ध्या मिनिटाचा खेळ, म्हणून एस्प्रेसोला बारीक पूड लागते.

आपला पितळी फिल्टर या दोन्हींच्या मधला. 'रूपाली', 'वैशाली'मुळे फर्ग्युसन रस्त्यावर पुणेकरांच्या ओळखीची झालेली ही कॉफी घरी करताना पूड बारीकच लागते, पण मैद्यासारखी नको. नाहीतर भोकं बुजतात आणि डिकॉक्शन उतरतच नाही.

मग घरोघरी हा प्रश्न का पडला नाही? कारण १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये आलेली नेसकॉफी! विरघळणाऱ्या पावडरीला कसलं आलंय दळण?

आजी मात्र पूड पाण्यात उकळायची, दूध घालायची, जायफळ किसायची आणि पातळ फडक्यातून गाळायची. मेलिटाबाईंचं नावही तिनं ऐकलं नसणार.

रविवारी जाडसर दळून आणली, चार मिनिटं मोजली, वर जायफळ किसलं. बाबांनी कप रिकामा केला. म्हणाले काहीच नाहीत. पुणेकर बापाकडून याहून मोठी पावती कुठली? असो.